रझियाचं गणित आणि माझी दुसरी गाठ

हे लिहायला मला आमच्या सर्जनबाईंनी सांगितलं. "मॅडम, तुम्ही शिकवता, तुम्हाला शब्द सापडतात. लिहा. इतर बायकांना धीर येईल." मी हो म्हटलं आणि कितीतरी दिवस टाळलं, कारण धीर येईल असं काही माझ्या हातून उतरेना. आजारपणावर बायका लिहितात त्यात भीती असते, देव असतो, नवऱ्याने केलेली सेवा असते. माझ्यात हे सगळं होतंच. पण सगळ्यात जास्त काय होतं म्हणाल, तर जळफळाट. ज्यांच्या छातीत गाठ नव्हती त्या सगळ्या बायकांवर मी जळत होते. भाजीवालीवर, टीव्हीवरच्या निवेदिकेवर, समोरच्या गच्चीत कपडे वाळत घालणाऱ्या बाईवर. आणि या सगळ्यांपेक्षा जास्त, रझियावर.

असं काही होतं हे मला आधी कुणीच सांगितलं नव्हतं. म्हणून मी सांगते. एखादीला तसं होत असेल तर तिने स्वतःला राक्षसीण समजू नये. माझ्याकडचा धीर एवढाच.

रिपोर्टचा दिवस

गाठ अंघोळ करताना हाताला लागली. मग सोनोग्राफी, मॅमोग्राफी, आणि तुकडा काढून तपासायला सुई. जळगावात ज्या दिवशी माझी सुई टोचून झाली त्याच दिवशी पहूरच्या एका बाईंचीही झाली होती, आणि रिपोर्ट घ्यायलाही आम्ही दोघी शेजारी शेजारी बसलो होतो. तोपर्यंत आमची चांगलीच गट्टी जमली होती. त्यांची केळीची बाग, सुनेचं बाळंतपण, सगळं मला पाठ झालं होतं.

त्यांचं नाव आधी पुकारलं. बाहेर आल्या त्या रडत, हसत. साधी गाठ होती, काही नव्हतं. मला घट्ट मिठी मारून म्हणाल्या, "तुमचंही चांगलंच येईन बरं ताई."

मी हसले. आणि मनात काय आलं सांगू? एक साधी आणि एक वाईट अशा दोनच चिठ्ठ्या होत्या आणि साधी हिने उचलली, असं आलं. गणिताची प्राध्यापक मी! दोन बायकांच्या रिपोर्टांचा एकमेकांशी काडीचा संबंध नसतो हे मी वर्षानुवर्षं वर्गात घसा कोरडा करून शिकवलंय. तरी त्या बाई रिक्षात बसून दिसेनाशा होईपर्यंत मी त्यांच्या पाठीकडे बघत होते.

माझा रिपोर्ट वाईट होता. नवरा, सुनील, गाडी चालवत होता. घरी सासूबाई, म्हणजे आमच्या अक्का, दारातच उभ्या होत्या. त्यांचं माहेर धुळ्याजवळचं, बोलणं अजून अहिराणी. माझा चेहरा बघून त्यांना काही विचारावं लागलं नाही. "कसाले रडस व माय? मी शे ना," म्हणाल्या आणि मला जवळ ओढलं. तोवर मी रडत नव्हते. मग रडले.

सीट

आता रझियाचं सांगते.

एम.एस्सी.ला आम्ही एका बाकावर. ती धुळ्याची, वडिलांचं गाद्यांचं दुकान. मी रावेरकडची, केळीवाल्यांच्या घरातली. विद्यापीठात पहिली मी आले, दुसरी ती. पुढच्या संशोधनासाठी पुण्याच्या एका सरांकडे एकच जागा होती आणि सरांनी ती मला देऊ केली होती. त्याच महिन्यात जळगावच्या कॉलेजात कायम नोकरी चालून आली. मी नोकरी घेतली. जागा रझियाला गेली.

कुणी मला अडवलं नाही. वडील म्हणाले, "तुझं तू बघ." लग्नही नंतरच झालं. त्यामुळे दोष द्यायला माझ्याकडे कुणी माणूसच नाही, आणि हे फार गैरसोयीचं असतं.

त्या जागेवर रझियाने जे काम सुरू केलं ते आजही चालू आहे. अंगात प्रकाशाचा एक झटका सोडायचा. रक्त तो प्रकाश पितं, कणभर तापतं, कणभर फुगतं आणि फुगताना बारीक आवाज करतं. आपल्या कानाला तो येत नाही, यंत्राला येतो. गाठीभोवती रक्त जास्त, म्हणून गाठीचा आवाज मोठा. त्वचेभोवती लावलेली यंत्रं तो ऐकतात. आणि मग गणित: कुठल्या यंत्राला आवाज किती उशिरा आला त्यावरून तो आत नेमका कुठे झाला ते शोधायचं. कुकरची शिटी झाली की आपण ओट्याशी उभ्या उभ्या सांगतो ना, ही शेजारच्यांची, ही वरच्या मजल्यावरची? तेच. फक्त शिट्या एकाच वेळी हजारो, आणि भिंतीच्या पलीकडे आपण कधीच गेलेलो नाही. उत्तर हातात, प्रश्न शोधायचा. उलटं गणित.

रझियाचा प्रत्येक पेपर मी वाचत आले आहे. पेन्सिल घेऊन, ओळ न ओळ. कौतुकाने नाही हो. चूक शोधायला.

धुळे

तिला सुनीलने फोन केला. मला न विचारता. "तिचं यंत्र धुळ्याच्या हॉस्पिटलात आलंय. चाचणीसाठी बायका हव्या आहेत त्यांना. सुई नाही, क्ष-किरण नाहीत."

"तिला का सांगितलंस?"

"मग कुणाला सांगू? तुला काही विचारलं की तू भिंतीकडे तोंड करतेस!"

आम्ही भांडलो. असं भांडण आमच्यात कित्येक वर्षांत झालं नव्हतं. अक्का मध्ये पडल्या नाहीत, देवघरात जाऊन बसल्या. शेवटी मी जायला तयार झाले. बरं वाटावं म्हणून नव्हे. पेपरातलं ते यंत्र मला डोळ्यांनी बघायचं होतं.

पारोळ्यावरून धुळ्याला जाताना मी ठरवलं होतं की रझियाशी चार वाक्यांच्या वर बोलायचं नाही. ती त्या दिवशी पुण्यातच होती. त्याचाही मला राग आला.

खोली अंधारी, काळा पडदा. डोळ्यांवर जाड चष्मा. पालथं झोपायचं, पलंगाला एक भोक, त्यातून छाती खाली कोमट पाण्याच्या वाडग्यात सोडायची. लाज वाटते, पण लगेच सरते. हॉस्पिटलात लाज फार टिकत नाही हे मी तिथे शिकले. टेक्निशियन मुलगी पाणी कोमट आहे ना म्हणून तीन-तीनदा विचारत होती. आधीच्या कुठल्याही तपासणीत मला गार-गरम कुणी विचारलं नव्हतं, म्हणून तिचं नाव मी अजून विसरले नाही. मग टक टक टक असा लेसरचा आवाज, आणि हलायचं नाही.

बाहेर भिंतीवर पोस्टर होतं. रझियाचं नाव, फोटो, आणि उंदरांची चित्रं. तिच्या प्रयोगशाळेत उंदरांना सोन्याचे अतिसूक्ष्म कण टोचतात. ते गाठीत जाऊन बसतात आणि प्रकाश पिऊन गाठीचा आवाज वाढवतात. माणसांना ते अजून देत नाहीत. म्हणजे उंदरांना सोनं आणि मला नुसता उजेड. मी उंदरांवरही जळले. हसा, मलाही आता हसू येतं.

दुसरा ठिपका

पडद्यावर माझी गाठ दिसली. मला वाटलं होतं भीती वाटेल. वाटला मत्सर. इतकं सुंदर चित्र होतं ते. गाठीकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या नदीच्या फाट्यांसारख्या स्पष्ट. हे मी करू शकले असते, एवढंच डोक्यात.

रेडिओलॉजिस्ट बाईंनी बोट वर सरकवलं. "इथे अजून एक दिसतंय. मॅमोग्राफीत नव्हतं. नुसत्या या चाचणीवरून आम्ही काही ठरवत नाही, पण दिसलंय म्हटल्यावर सोडून देता येत नाही. इथे पुन्हा सोनोग्राफी करू आणि एक सुई घेऊ."

माझं ऑपरेशन करणार होत्या त्या सर्जनबाईही तिथे होत्या. एकच गाठ असेल तर तेवढी काढून स्तन वाचणार होता. दुसरीही असेल, तीही इतकी दूर, तर सगळा काढावा लागणार. हे त्यांनी सरळ सांगितलं.

मी पडद्याजवळ गेले आणि मला दिसलं. पहिल्या गाठीची कड दुहेरी होती, जणू चित्र हललंय. माझ्या अंगात वीज आली.

"मॅडम, हे खरं नाही," मी म्हणाले. "या गणितात आवाजाचा वेग सगळीकडे एकच धरतात. पाण्यात तोच, चरबीत तोच, गाठीत तोच. प्रत्यक्षात चरबीत आवाज हळू जातो. वेग चुकला की जागा चुकते, एकाच्या दोन दिसतात. ही दुहेरी कड त्याचाच पुरावा आहे. वरचा ठिपका म्हणजे भूत आहे, दुसरं काही नाही."

कागद मागून घेतला. आकृती काढली, समीकरण लिहिलं. दोघी डॉक्टर शांतपणे ऐकत होत्या. रेडिओलॉजिस्ट बाई सर्जनबाईंकडे बघू लागल्या. एखाद्या कडेपासून इतक्या लांब भूत जातं का, असं वर्गात मुलाने विचारलं असतं तर मी त्याला शाबासकी दिली असती. स्वतःला विचारलं नाही.

"मी सुई घेणार नाही," मी सांगितलं.

"तुमचा निर्णय," सर्जनबाई म्हणाल्या, "पण चार दिवस विचार करा. ऑपरेशनची तारीख त्यानंतर."

परतताना पारोळ्याच्या अलीकडे मी गाडी थांबवायला लावली. वाईट रिपोर्ट आल्यापासून पहिल्यांदा भूक लागली होती. दोघांनी शेवभाजी खाल्ली, मी वर भाकरी मागितली. सुनील घाबरून बघत होता. मी त्याला म्हणाले, "रझियाची चूक सापडली."

"आणि गाठ?" तो म्हणाला.

मी भाकरीचा पुढचा तुकडा मोडला.

तूच कर

दुसऱ्या दिवशी रझियाचा फोन; धुळ्याच्या डॉक्टरांनी तिला सगळं सांगितलं होतं. माझी तयारी होती. तिने वाद घातला असता तर मी तिला धुऊन काढलं असतं. पण ती म्हणाली, "नंदा, तू म्हणतेस ते बरोबर आहे. वेग आम्ही एकच धरलाय, ते कच्चं आहे. मी येते. मोजमापं तुझी आहेत, तूच कर. मी हात लावणार नाही."

आली. पुण्याहून रेल्वेने, चाळीसगावला मधे गाडी खोळंबली म्हणून उशिरा. केस पांढरे झालेले, खांद्यावर लॅपटॉप. अक्कांच्या पाया पडली आणि त्यांच्याशी फाडफाड अहिराणी बोलायला लागली. इतकी वर्षं या घरात काढून मला ती बोली नीट येत नाही! अक्का तिच्या तोंडावरून हात फिरवत म्हणाल्या, "कितली शिकनी व पोर तू! पह्यलं जेवाले बस." मला अक्कांनी कधी विचारलं नव्हतं, तू किती शिकलीस.

जेवणं झाल्यावर मी टेबलाशी बसले. रझियाने मला फाइल उघडून दिली, कुठे काय आहे ते सांगितलं आणि खुर्ची मागे घेतली. मग म्हणाली, "मी चहा करते," आणि आत गेली. सबंध छातीचं गणित लॅपटॉपवर झालं नसतं. चित्राच्या एकाच पातळ कापाचं घेतलं, दोन्ही ठिपके ज्यात येतात त्या.

चरबीला एक वेग दिला, आतल्या भागाला दुसरा. चालवलं. थांबले.

पहिल्या गाठीची दुहेरी कड हळूहळू एक झाली. अगदी मी म्हटलं होतं तशी! स्वच्छ, एकच रेघ. मी टेबलावर हात आपटला. चूक होती, रझियाची चूक होती, तिच्या सगळ्या पेपरांतून जी मला मिळाली नव्हती ती मला माझ्याच अंगात मिळाली होती. आतून रझियाने विचारलं, "काय झालं गं?" मी चित्राच्या वरच्या भागाकडे बघत होते.

वरचा ठिपका तिथेच होता. पुसट व्हायच्या ऐवजी आणखी बारीक, आणखी ठळक झाला होता.

वेग थोडा बदलला. पुन्हा चालवलं. ठिपका केसभर सरकला आणि तिथेच बसला. पुन्हा बदलला. पुन्हा. वेग बदलला की खरी वस्तू जराशी सरकते. भूत असेल तर फाटतं, विरतं. हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. जितकी मी रझियाची चूक दुरुस्त करत होते तितका तो ठिपका स्पष्ट होत होता. माझ्याच हाताने.

रझिया चहाचे कप घेऊन दारात उभी होती. पडद्याकडे एकदा बघितलं आणि तिला कळलं. कप ठेवले.

"उद्या धुळ्याला जाते," मी म्हणाले. "सुई घेते."

"मी येऊ?"

"नको."

ती तरीही आली.

वॉर्ड

सुई झाली, रिपोर्ट आला. दुसरीही वाईटच होती. स्तन गेला.

वॉर्डाबद्दल फार लिहीत नाही. पहाटे झाडूचा आवाज, मग ताप बघायला सिस्टर, मग चहा, मग राउंड. बाजूला जखमेतलं पाणी जमायची पिशवी लोंबकळत असते, तिच्यात काय जमलं ते रोज बघायचं. हात वर करायचा व्यायाम रडवतो. पण करा, सोडू नका. शेजारच्या खाटेवर चाळीसगावची एक शिक्षिका होती, तिची एकच गाठ होती आणि स्तन वाचला होता. आरशासमोर ती ब्लाउज नीट करायची तेव्हा मी पांघरूण तोंडावर घ्यायचे. एकदा तिने ते ओळखलं. त्यानंतर ती बाथरूममध्ये जाऊन कपडे बदलायची. इतका चांगुलपणा माझ्याच्याने झाला नसता.

सुनील डब्यात वरणभात आणायचा, स्वतः केलेला, खारट. कुणी भेटायला आलं आणि "कशी आहेस?" विचारलं की उत्तर तोच द्यायचा, "बरी आहे, बरी आहे." एकदा मी ओरडले, "मी बरी नाहीये!" तो बाहेर गेला. आत आला तेव्हा डोळे लाल होते. पायाशी बसला आणि माझी नखं कापायला घेतली. त्यानंतर माझं उत्तर त्याने दिलं नाही. अक्का फोनवर रोज एकच म्हणायच्या, "बठ्ठं चांगलं व्हई," सगळं चांगलं होईल. खरं सांगते, त्या एका वाक्यावर मी दिवस काढायचे.

मग काढलेल्या भागाच्या तपासणीचा रिपोर्ट येऊन पोचला. सर्जनबाई स्वतः घेऊन आल्या. रझिया माझ्या खाटेशी स्टुलावर बसली होती, सुट्टी काढून. बाईंनी समजावून सांगितलं. पहिली गाठ संथ जातीची होती. वरची, लहान, ती वेगाने वाढणारी. काखेपर्यंत अजून पोचली नव्हती. "ती आत राहिली असती तर..." एवढंच म्हणून त्या थांबल्या. माझ्या डोक्यावर थोपटलं आणि पुढच्या खाटेकडे गेल्या.

मी रझियाच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होते. आता दिसेल, मला वाटलं. जिंकल्याचं काहीतरी, ओठांच्या कोपऱ्यात का होईना. दिसायलाच हवं होतं. इतक्या वर्षांच्या गणिताचं उत्तर खरं ठरलं होतं आणि एक बाई त्यामुळे वाचली होती. ती बाई मी होते, आणि आयुष्यभर मला हे तिचं देणं मान्य करावं लागणार होतं. तिच्या तोंडावर थोडा जरी गर्व दिसला असता तर मला हलकं वाटलं असतं. तेवढ्यावर मी तिचा राग करू शकले असते.

काहीच नव्हतं. ती रडत होती, ओढणीत तोंड लपवून, आवाज न करता.

"नंदा," ती म्हणाली, "मी तुझ्या घरी आले ना त्या दिवशी, अख्ख्या रस्त्यात एकच दुवा मागत होते. नंदाचंच खरं निघू दे. माझं गणित चुकू दे."

"मीही तेच मागत होते," मी म्हणाले.

तिने माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि कपाळाला लावला. तिला वाटलं, आम्ही दोघी एकाच कारणासाठी मागत होतो. मी तिला तसं वाटू दिलं.